आपली होडी आणि मत्स्यशोधक यंत्र

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या मच्छीमार बंधुभगिनींच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करावें व झालेल्या कार्याचा गौरव करावा, अशी आपली रीत आहे, आणि ती योग्यच आहे. तें काम माझ्याहून अधिकारी वक्त्यांनीं या व्यासपीठावरून उत्तम प्रकारें केलेलें आहे. मला मात्र महोत्सव समितीनें असें सांगितलें, कीं दर्यावर जाणाऱ्या आपल्या माणसांच्या हातीं कांहीं उपयोगी पडेल असें बोला. म्हणून मी आज एका लहानशा यंत्राविषयीं बोलणार आहें. बाजारांत त्यास फिश फाइंडर म्हणतात. आपण त्यास मत्स्यशोधक यंत्र म्हणूं.

इगर्जीच्या अंगणांत हा विषय कशाला, अशी शंका कोणास येईल. परंतु ज्या घरांत हें यंत्र येतें त्या घरांत तें कसें येतें, हें आपण जाणतां. कोणी पतपेढीचें कर्ज काढतो, कोणाच्या घरची सोन्याची बांगडी गहाण पडते, आणि मग तें होडीवर चढतें. दुकानदार सांगतो तसें, किंवा शेजारच्या होडीवर पाहिलें तसें, घाईघाईनें बसविलें जातें. महिन्याभरांत तांडेल म्हणूं लागतो, कीं यंत्र खोटें बोलतें. मासा दाखवितें तेथें जाळें रिकामें येतें, आणि इंजिनाचा वेग वाढविला कीं पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. पुढें तें यंत्र माळ्यावर गोणपाटाखालीं जाऊन पडतें, आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात. माझें म्हणणें असें आहे, कीं बहुतेक वेळीं यंत्र खोटें बोलत नाहीं. जेथें फेसाच्या खळखळाटाखेरीज दुसरें कांहीं ऐकूं येणार नाहीं, अशा जागीं आपण त्याचा कान बसविलेला असतो. ज्याला हें यंत्र बसवितां येतें, वाचतां येतें आणि आवरतां येतें, त्याच्याच घरीं त्याचा खरा लाभ पोंचतो. या तीन गोष्टी मी क्रमानें सांगतों.

प्रथम हें समजून घेऊं, कीं यंत्र पाहत नाहीं, तें ऐकतें. पाण्यांत उजेड फार खोल जात नाहीं, आणि आपल्या खाड्यांच्या तोंडाशीं तर पावसाळ्यानंतर हातभर खालचेंही दिसत नाहीं. आवाज मात्र पाण्यांतून फार दूर व फार वेगानें जातो. इ. स. १८२६ सालीं जिनीव्हाच्या सरोवरांत कोलाडोन व स्टुर्म या शास्त्रज्ञांनीं एका नावेखालीं पाण्यांत घंटा टांगली. घंटा वाजतांच त्याच क्षणीं वर दारू पेटेल अशी योजना केली, आणि तेरा किलोमीटरांहून अधिक अंतरावर दुसऱ्या नावेंत बसून, पाण्यांत बुडविलेल्या नळीस कान लावून, ती घंटा ऐकली. उजेड दिसणें व घंटा ऐकूं येणें यांमधील वेळावरून त्यांनीं पाण्यांतील आवाजाचा वेग काढला. तो सेकंदास सुमारें १४३५ मीटर भरला, म्हणजे हवेंतील वेगाच्या चौपटीहून अधिक. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत तो सुमारें १५०० मीटर धरतात.

परत आलेल्या आवाजावरून वाट ओळखण्याची विद्या तर देवानें वटवाघळास केव्हांच दिलेली आहे. त्या गूढाचा शोध ज्यांनीं प्रथम घेतला त्यांत लाझारो स्पालान्झानी हे इटलींतील एक कॅथलिक धर्मगुरु होते. इ. स. १७९३ च्या सुमारास त्यांनीं पाहिलें, कीं दृष्टि गेली तरी वटवाघूळ अंधारांत अडथळे चुकवितें. आणि जिनीव्हाच्या लुई झ्युरीन या वैद्यानें दाखविलें, कीं कान बंद केले तर तें आदळतें. या कोड्याचा पुरा उलगडा सुमारें दीडशें वर्षांनीं झाला. वटवाघूळ आपणच अतिसूक्ष्म आवाज काढतें व त्याचा प्रतिध्वनि ऐकतें.

१९१२ सालीं टायटॅनिक जहाज हिमनगावर आपटून बुडालें, तेव्हांपासून पाण्यांतील अडथळे आवाजानें हुडकण्याच्या प्रयत्नांस जोर आला. १९३५ सालीं नॉर्वेच्या ऑस्कर सुंद यांनीं कॉड माशांच्या थव्यांचीं प्रतिध्वनीनें उमटलेलीं चित्रें प्रसिद्ध केलीं. आणि १९४८ सालीं जपानांतील फुरुनो बंधूंनीं सामान्य मच्छीमारास वापरतां येईल असें यंत्र बाजारांत आणलें. त्यांच्या धंद्याचा आरंभ नागासाकी प्रांतांतील कुचिनोत्सु या बंदरगांवीं झाला. येशूसंघाचे आलेस्सांद्रो वालिन्यानो हे धर्मगुरु गोव्यास राहून, मकावमार्गें, इ. स. १५७९ सालीं जपानास पोंचले, ते याच बंदरांत उतरले. तेव्हां आपल्या होडीवरील या पेटीचें मूळगांव आपल्या ख्रिस्तसभेस अगदींच अनोळखी नाहीं.

आतां यंत्राची रचना. त्याचे मुख्य भाग तीन: पडदा, तार, आणि पाण्यांत राहणारा तो लहानसा काळा ठोकळा, ज्यास ट्रान्सड्यूसर म्हणतात. हाच यंत्राचें तोंड आणि हाच यंत्राचा कान. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा हा ठोकळा, सेकंदास दोन लक्ष कंपनें इतका उंच, म्हणजे माणसाच्या कानास मुळींच ऐकूं न येणारा, आवाजाचा टोला खालीं सोडतो व लगेच गप्प बसून परतणारा प्रतिध्वनि ऐकतो. तळ वीस मीटर खोल असला तर आवाजास चाळीस मीटर जावें-यावें लागतें, आणि त्यास सेकंदाच्या शंभर भागांपैकीं तीन भागही लागत नाहींत. तेवढ्या वेळावरून यंत्र खोली सांगतें. आपले वाडवडील शिसाचा गोळा दोरीस बांधून जें पाणी वांवांनीं मोजीत, तेंच हें मोजमाप. फक्त दोरीच्या जागीं आवाज आला.

मग मासा कसा कळतो? बहुतेक माशांच्या पोटांत हवेची एक पिशवी असते. मांस जवळजवळ पाण्यासारखेंच असल्यामुळें त्यावरून आवाज थोडासाच परततो. हवेवरून मात्र तो जोरानें परततो. म्हणजे यंत्र मासा ऐकतें तें मुख्यतः त्याच्या पोटांतील हवेमुळें. मोरी व वागळी यांना ही पिशवी नसते. कोळंबी व म्हाकूल यांनाही नसते. म्हणून त्यांचा प्रतिध्वनि क्षीण येतो, आणि यंत्रावर कांहीं दिसलें नाहीं म्हणजे खालीं कांहीं नाहीं, असें समजूं नये.

हवेची ही गोष्ट मनांत पक्की ठेवा, कारण यंत्र बसविण्याचें सारें शास्त्र तिच्यांतच आहे. माशाच्या पोटांतली चिमूटभर हवा जर इतका आवाज परतवूं शकते, तर कानाच्या तोंडाशींच फेस असेल तेव्हां काय होईल? यंत्राचा सारा आवाज त्या फेसावरूनच परत येईल, आणि तळ व मासा दोन्ही नाहींसे होतील. कानास निर्मळ, बुडबुडे नसलेलें पाणी मिळावें, एवढीच सारी खटपट.

आपल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर आतां फायबरच्या होड्या पुष्कळ आहेत व त्यांस पिछाडीला बाहेरून इंजिन लावलेलें असतें. अशा होडीस कान बसवावयाची सोयीची जागा म्हणजे पिछाडीची फळी. इंजिनाच्या पंख्यापासून तो निदान पंधरा इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर, दूर असावा. मागून पाहतां पंखा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरत असेल, आणि बहुतेक इंजिनांचा तसाच फिरतो, तर कान उजव्या बाजूस लावावा. कारण त्या बाजूस पंख्याचें पातें खालीं उतरत असतें व फेस वर फेंकला जात नाहीं. पंखा उलट फिरणारा असेल तर डावी बाजू घ्यावी. प्रभूनेंही शिष्यांस जाळें होडीच्या उजव्या बाजूस टाकावयास सांगितलें होतें, हें आपणांस आठवेल; परंतु आपल्या उजव्या बाजूचें कारण हें असें साधें आहे, त्यांत चमत्कार शोधूं नये.

होडीच्या तळास आडव्याउभ्या पट्ट्या, रिबिटांच्या रांगा, पाणी काढण्याचीं भोंकें, जोडाचे उंचवटे असतात. त्यांच्या मागें बुडबुड्यांची रेघ चालते. म्हणून बसविण्यापूर्वीं एकदां होडी नेहमींच्या वेगानें चालवावी, सुकाणू दुसऱ्याच्या हातीं द्यावें, आणि पिछाडीवरून पाणी कोठें गुळगुळीत सुटतें तें नीट पाहून खूण करावी. ही खूण म्हणजे निम्में काम.

भोंक पाडण्याची घाई करूं नये. पहिल्या फेरीस ठोकळा एका काठीस घट्ट बांधून त्या जागीं पाण्यांत धरावा व चित्र कसें येतें तें पाहावें. चित्र मनासारखें आलें म्हणजे मग गिरमिट हातीं घ्यावें. त्यांतही होडीस सरळ भोंकें न पाडतां प्रथम जाड प्लॅस्टिकची एक पट्टी फळीस कायमची बसवावी व ठोकळ्याचे स्क्रू त्या पट्टींत मारावे. पुढें ठोकळा वरखालीं करावा लागला तर होडीस नवें भोंक पडत नाहीं. जीं भोंकें पाडावींच लागतील त्यांत समुद्री कामाचें सीलंट भरपूर भरावें व स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेस पोलादाचे घ्यावे. पुष्कळ फायबर होड्यांच्या पिछाडीच्या फळींत आंत लांकूड असतें. बाहेरून तें दिसत नाहीं. एका न भरलेल्या भोंकांतून पाणी शिरलें कीं तें लांकूड आंतल्या आंत कुजतें, आणि एके दिवशीं इंजिनच फळीसह हलूं लागतें. चार रुपयांच्या सीलंटसाठीं होडी गमावूं नये.

उंचीचा नियम असा. फायबरच्या होडीवर ठोकळ्याचा तळ होडीच्या तळापेक्षां सुमारें ३ मिलिमीटर खालीं असावा. अॅल्युमिनियमच्या होडीवर सुमारें १० मिलिमीटर. अॅल्युमिनियमच्या होडीच्या तळाशीं रिबिटा व पन्हळी यांमुळें बुडबुडे अधिक, म्हणून तेथें कान जरा खालीं घ्यावा लागतो. ठोकळ्याचें तोंड पाण्याच्या पातळीशीं समांतर पाहिजे. येथें फार जण फसतात. होडी वाळूवर ओढलेली असतां समांतर लावलेला ठोकळा पाण्यांत समांतर राहत नाहीं. जाळें, बर्फ आणि माणसें घेऊन होडी पाण्यांत जशी बसते तशी ती बसवावी, बाहेरून पाण्याची रेघ आंखून घ्यावी, आणि त्या रेघेशीं ठोकळा जुळवावा.

ज्यांस फळीस हात लावावयाचा नाहीं त्यांना आणखी एक उपाय आहे. तळ भरीव फायबरचा असेल तर ठोकळा आंतूनच तळास इपॉक्सीनें चिकटवितां येतो; आवाज फायबरमधून पार जातो. थोडी शक्ति कमी होते, परंतु वाळूवर ओढतांना ठोकळा मोडण्याचें भय राहत नाहीं. अट एवढीच, कीं इपॉक्सींत हवेचा एकही बुडबुडा राहूं नये. लांकडाच्या, अॅल्युमिनियमच्या, किंवा दोन थरांमध्यें फोम भरलेल्या तळांतून हा उपाय चालत नाहीं.

धातूंच्या बाबतींतही विवेक पाहिजे. खाऱ्या पाण्यांत दोन निराळे धातू एकमेकांस लागले म्हणजे त्यांची बॅटरीच बनते, आणि त्यांतला हलका धातू झिजतो. म्हणून अॅल्युमिनियमच्या होडीस काशाच्या किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा ठोकळा कधीं लावूं नये, तांबेयुक्त रंग तळास फांसूं नये, व बॅटरीची ऋण तार होडीच्या अंगास जोडूं नये. लांकडी होडीच्या तळास भोंक पाडून ठोकळा बसवावयाचा असेल तर उलट प्लॅस्टिकचा टाळावा व काशाचा घ्यावा. कारण लांकूड पाण्यानें फुगतें आणि प्लॅस्टिक तडकतें. एका होडीस जें तारक तेंच दुसरीस मारक होतें, म्हणून शेजाऱ्याचें पाहून डोळे मिटून नक्कल करूं नये.

तारेविषयीं तीनच सूचना. ती कधीं कापूं नये. लांब वाटली तर गुंडाळून ठेवावी. ती इंजिनाच्या व दिव्यांच्या तारांपासून दूर न्यावी. आणि यंत्रास वीज सरळ बॅटरीकडून, मधें फ्यूज घालून, द्यावी. फ्यूज किती अँपिअरचा हें यंत्राच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. दिव्याच्या तारेला फांटा मारून जोडलेलें यंत्र दिवा लागला कीं डोळे मिचकावतें, आणि दोष कंपनीस दिला जातो.

आपल्या होड्या रोज वाळूवर ओढाव्या लागतात. तेव्हां ठोकळ्याची पट्टी धक्का लागतांच वर उचलली जाणारी असावी, आणि किनाऱ्यास लागण्यापूर्वीं ती हातानें वर घेण्याची संवय लावावी. ठोकळ्यावर शेवाळ व शिंपले धरतात. ते मऊ फडक्यानें काढावे, कोयत्यानें खरवडूं नयेत.

बसविल्यावर परीक्षा. माहितीच्या जागीं होडी उभी करून जुन्या रीतीनें दोरीनें पाणी मोजावें व यंत्राशीं ताडून पाहावें. मग सावकाश वेग वाढवीत जावें. उभें असतां चित्र स्वच्छ व वेगांत नाहींसें होत असेल, तर कानाशीं बुडबुडे येत आहेत. ठोकळा दोनतीन मिलिमीटर खालीं घ्यावा किंवा बाजूस सारावा. होडी उभी असतांही, नुसतें इंजिन चालू करतांच पडद्यावर ठिपके उठत असतील, तर दोष पाण्यांत नसून तारांत आहे.

आतां वाचण्याविषयीं. पडद्याची उजवी कड म्हणजे आतांचा क्षण. जें डावीकडे सरकलें तें मागें राहिलें. पडद्याच्या मध्यावर मासा दिसला म्हणून जाळें सोडणारा तांडेल गेलेल्या गाडीस हात दाखविणाऱ्या उतारूसारखा आहे. दुसरें, आवाज दोरीसारखा सरळ जात नाहीं. तो फुंकणीच्या तोंडासारखा पसरत जातो. पसरण्याचा कोन वीस अंश असेल तर वीस मीटर खोलीवर यंत्र सुमारें सात मीटर व्यासाचें वर्तुळ ऐकतें, आणि दहा मीटरांवर त्याच्या निम्मेंच. त्या वर्तुळांत मासा कोणत्या बाजूस आहे हें तें सांगत नाहीं. तिसरें, तळ कठीण असला तर रेघ ठळक येते, आणि पुष्कळदां दुप्पट खोलीवर तिचीच दुसरी छाया उमटते; चिखलाचा तळ आवाज गिळतो. या एका खुणेवरून खडप व चिखल ओळखतां येतात, आणि कोठें कोणता मासा राहतो हें तर आपण यंत्राहून चांगलें जाणतां. चौथें, पडद्यावर माशाचीं गोजिरवाणीं चिन्हें येतात त्यांवर विसंबूं नये. यंत्र तरंगतें शेवाळ व बुडबुडे यांनाही तेंच चिन्ह देतें. चिन्हें बंद करून मूळ प्रतिध्वनि वाचावयास शिकावें.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हें यंत्र खालीं ऐकतें. पुढें ऐकत नाहीं. खडक होडीखालीं आल्यावर तो दिसतो, येण्यापूर्वीं नव्हे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतालचे खडक, निवतीचे व वेंगुर्ल्याचे खडक, हे कित्येक जागीं पाण्याखालीं लपलेले आहेत. ओहोटीस त्यांवरील पाणी आणखी उतरतें. यंत्र घेतलें म्हणून नाळेवर नजर ठेवणारा माणूस कमी करूं नये. कमी होत जाणारी खोली वेळेवर पाहून वेग आवरला, तर हेंच यंत्र रात्रीं परततांना घरची माणसें घरीं आणील. माझ्या मतें त्याचा पहिला उपयोग हाच. मासा हा दुसरा.

मासा शोधण्यांतही त्यानें इंधन वांचतें. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांनीं समुद्राच्या पृष्ठभागाचें तापमान व हरितद्रव्य पाहून मासळी कोठें मिळण्याचा संभव आहे हें विनामूल्य कळवीत असतें. तें क्षेत्र दाखवितें, आणि आपलें यंत्र होडीखालचें पाणी दाखवितें. दोहोंची सांगड घातली तर वणवण कमी होते.

परंतु बंधूंनो, येथेंच तिसरी गोष्ट येते: यंत्र आवरणें. ज्या विद्येनें माझ्या होडीस एक थवा दिसतो, त्याच विद्येनें मोठ्या पर्सेसीन नौकेस चहूंबाजूंचा थवा दिसतो, आणि प्रखर दिवे लावले कीं तो थवा आपण होऊन जवळ येतो. त्यापायीं आपल्या किनाऱ्यावर किती भांडणें झालीं तीं आपण डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. शासनानें २०१६ सालीं पर्सेसीन जाळ्यांवर निर्बंध घातले, आणि २०१७ सालीं केंद्र शासनानें एलईडी दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. हे नियम पाळले जावेत अशी मागणी आपण करतों, आणि ती न्याय्य आहे. पण आपली मागणी खरी केव्हां ठरेल? आपल्या लहान होडीवर जेव्हां तेंच यंत्र बसेल, आणि अंड्यांवर आलेल्या माशांचा थवा त्यावर लख्ख दिसेल, तेव्हां आपला हात जाळ्यावरून मागें येईल काय? २०२३ सालीं महाराष्ट्रानें ५४ जातींच्या मासळीसाठीं, याहून लहान धरूं नये, अशीं मापें ठरविलीं. यंत्र मासा आहे एवढें सांगतें. तो धरण्याजोगा आहे कीं नाहीं, हें सांगणारें यंत्र देवानें माणसाच्या छातींत ठेविलें आहे.

कोणी म्हणेल, मी सोडला तर शेजारचा धरील. हें म्हणणें पोकळ नाहीं. कर्जाचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे त्याला उपदेश करणें सोपें, पण तसें वागणें कठीण. म्हणूनच हें एकट्यानें होण्यासारखें नाहीं. आपल्याकडची रापण पाहा. ती एकट्यानें ओढतां येत नाहीं. ओढणाऱ्या प्रत्येकाचा तींत वांटा असतो. यंत्राच्या बाबतींतही तोच धर्म पाळावा. ज्यास बसवितां येतें त्यानें दुसऱ्यास बसवून द्यावें. ज्यास पाण्याखालचा नवा खडक सांपडला त्यानें ती जागा साऱ्या वाड्यास सांगावी. आणि कोणत्या दिवसांत कोणती मासळी सोडून द्यावयाची, हें एकत्र बसून ठरवावें, म्हणजे सोडणारा मूर्ख ठरणार नाहीं.

आपण जो महोत्सव करीत आहों त्याचें मूळ जुन्या करारांत आहे. पन्नासाव्या वर्षीं शेत पेरूं नये, भूमीस विसांवा द्यावा, ऋणानें विकलेली जमीन मूळ धन्यास परत मिळावी, अशी तेथें आज्ञा आहे. आपलें शेत म्हणजे दर्या. त्याचा विसांवा म्हणजे जून व जुलै या दोन महिन्यांची बंदी, आणि लहान पिल्लांस वाढावयास मिळालेली सवड. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत अनिर्बंध मासेमारीनें कांहीं जाती झपाट्यानें घटत असल्याचें दुःखानें नमूद केलें. तें दूरच्या देशाविषयीं लिहिलेलें नाहीं.

संत पेत्राची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. रात्रभर श्रम करून हातीं कांहीं न आलेल्या त्या कोळ्याचें जाळें प्रभूच्या शब्दानें इतकें भरलें, कीं तें फाटूं लागलें. त्या वेळीं त्यानें पहिली गोष्ट केली ती ही, कीं दुसऱ्या होडींतील भागीदारांस खूण करून बोलाविलें. भरलेल्या जाळ्याशीं कसें वागावें, याचा धडा त्या खुणेंत आहे.

तरुणांना माझी विनंति आहे, कीं पावसाळ्यांत होड्या वर असतील तेव्हां चार दिवस काढून हें काम शिकून घ्या. प्रत्येक होडीची पिछाडी पाहा, पाण्याची रेघ आंखा, जुन्या भोंकांत सीलंट भरा, माळ्यावरचीं यंत्रें खालीं काढा. त्यांतलीं बरींचशीं बिघडलेलीं नसून केवळ चुकीच्या जागीं लावलेलीं निघतील, अशी माझी खात्री आहे. आणि माताभगिनींना विनंति ही, कीं नवें यंत्र घेण्यापूर्वीं तें बसविणार कोण, हा प्रश्न घरांत आधीं विचारावा.

सागरतारा पवित्र मरिया आपल्या सर्व होड्यांवर कृपादृष्टि ठेवो, आणि दर्यावर गेलेलें प्रत्येक माणूस सुखरूप परत येवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.